कुंभार्ली घाट चढवता ना? मग स्कॉटलंडात गाडी चालवायला घाबरू नका

मुलगा शिकायला ग्लासगोला गेला, त्याला दोन वर्षं झाली तेव्हा आम्ही नवराबायको त्याच्याकडे जाऊन आलो. आठवडाभर त्याच्या खोलीवर बसून काय करणार, म्हणून भाड्याची गाडी घेऊन डोंगरात फिरायचं ठरवलं. गुहागरात ही बातमी फुटल्यावर जो तो एकच विचारायचा, "तिकडे गाडी तू चालवणार?"

चालवली. सात दिवस, हजारएक किलोमीटर. तिथेही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूनं जायचं असतं आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे निम्मी भीती तिथेच संपते. डोंगरातले अरुंद रस्ते, आंधळी वळणं, मध्येच आडवं येणारं जनावर, हे सगळं आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. फजिती होते ती कागदपत्रांत आणि हाताला लागलेल्या दोन-तीन सवयींमुळे. आपल्याकडून बरीच मुलं आता तिकडे शिकायला जातात आणि आईवडील मागोमाग भेटायला जातात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी महिना ठरवा

बागायतदाराला मे महिन्यात घर सोडणं जिवावर येतं, पण जमत असेल तर मेच्या शेवटी निघा. तिकडे तेव्हा दिवस इतका लांब असतो की रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड. नव्या माणसाला अंधारात गाडी चालवावी लागत नाही, हा मोठा फायदा. जूनच्या अखेरीस तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात, मग गर्दी वाढते आणि राहण्याचे दर चढतात. शिवाय जून ते ऑगस्ट 'मिज' नावाची बारीक चिलटं असतात. आपल्याकडची घुंगुरटी त्यांच्यापुढे काहीच नाहीत. वारा पडला की संध्याकाळी ढगच्या ढग अंगावर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर जाऊच नका. दुपारी चार वाजता अंधार पडतो आणि घाटात बर्फ असतो.

२. व्हिसा: सातबाऱ्याचंही इंग्रजी लागतं

ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि मग केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. आम्ही त्यासाठी मुंबई गाठली. निकालाला साधारण तीन आठवडे धरा. मेच्या शेवटी जायचं तर मार्चच्या सुरुवातीलाच अर्ज टाका, आंब्याची तोड ऐन भरात येण्याआधी.

आपल्या भागातल्या लोकांची खरी अडचण वेगळी आहे. उत्पन्न शेतीचं आणि तेही हंगामी, त्यामुळे खात्यात दहा महिने शांतता आणि मे-जूनमध्ये एकदम पैसे. अर्ज तपासणाऱ्याला बाग म्हणजे काय ते दिसत नाही, त्याला बँकेचं स्टेटमेंट दिसतं. म्हणून सोबत एक साधं पत्र जोडा: कलमं किती, हंगाम कधी, पैसे कोणाकडून आणि कसे येतात. दलालाच्या पट्ट्या असतील तर त्या लावा. सातबारा मराठीत असतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडल्याशिवाय त्याला तिथे किंमत नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून पाच लाख घेऊन खात्यात टाकायचे, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. अचानक आलेली मोठी रक्कम खात्यात नसलेल्या रकमेपेक्षा जास्त प्रश्न उभे करते.

३. लायसन आणि आंतरराष्ट्रीय परवाना

कायद्यानं ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध लायसनवर, तिथे पोचल्यापासून बारा महिन्यांपर्यंत छोटी गाडी चालवता येते. आपलं स्मार्ट कार्डवालं लायसन इंग्रजीतच असतं, त्यामुळे एवढ्यावर भागायला हवं. तरीही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, काढून घ्या. गाडी भाड्यानं देणाऱ्या काही कंपन्या त्याशिवाय चावी देत नाहीत, आणि हे काउंटरवर उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

आयडीपी आपल्याच आरटीओतून मिळतो, आमच्यासाठी रत्नागिरी. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर करायचा, नमुना ४ए, फी १००० रुपये. मुदत एक वर्ष, किंवा मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर तेवढीच. म्हणून आधी लायसनवरची तारीख बघा. माझं सहा महिन्यांत संपणार होतं हे मला आरटीओच्या खिडकीपाशी कळलं.

आणि एक. मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन हातखंब्याच्या नाक्यावर चालतं, तिकडे चालत नाही. मूळ कार्ड खिशात हवं.

४. गाडी भाड्यानं घेताना: आमची फजिती इथे झाली

गाडी मुलानं ऑनलाइन बुक केली होती, पैसेही भरले होते. काउंटरवरच्या मुलीनं माझं लायसन, आयडीपी, पासपोर्ट पाहिले आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड मागितलं. मी बायकोचं कार्ड पुढे केलं, कारण घरात क्रेडिट कार्ड एकच, तिच्या नावाचं. मुलीनं ते नम्रपणे परत दिलं. जो मुख्य चालक त्याच्याच नावाचं कार्ड हवं. माझ्याकडे डेबिट कार्ड होतं, ते त्या गाडीसाठी चालेना. मुलाचं कार्ड होतं, पण मुलाकडे लायसन नव्हतं. पाऊण तास आम्ही तिघे बॅगांवर बसून होतो. शेवटी दुसऱ्या प्रकारचा विमा जास्त पैसे भरून घेतला, तेव्हा डेबिट कार्डावर काम झालं. तो विमा गाडीच्या भाड्याच्या निम्म्याला गेला.

तेव्हा निघण्याच्या दोन महिने आधी स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढा. त्यावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि मर्यादा पुरेशी आहे का ते बघा, कारण अनामत म्हणून मोठी रक्कम काही दिवस अडकून पडते. पिन पाठ ठेवा.

विम्याचंही नीट समजून घ्या. भाड्यात विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिला ठरावीक हिस्सा तुमचा. त्याला ते 'एक्सेस' म्हणतात. टायर, काचा आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा विम्यात धरलेले नसतात, आणि डोंगरात नेमकं तेच फुटतं. एक्सेसचा वेगळा विमा आधीच ऑनलाइन घेतला तर काउंटरपेक्षा बराच स्वस्त पडतो.

गाडी लहानच घ्या. चार बॅगा आहेत म्हणून मोठी एसयूव्ही घेऊ नका. पुढचा मुद्दा वाचलात की कारण कळेल. तिथे गिअरच्या गाड्या मुबलक आणि स्वस्त असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगून ठेवा. दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव कागदावर चढवा. वयाची अटही पाहून घ्या. तरुणांना जादा पैसे पडतात आणि काही ठिकाणी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना गाडी देत नाहीत.

चावी घेण्याआधी गाडीला एक फेरी मारून व्हिडिओ काढा. चारही रिम, पुढची काच, छत. पावसात भिजलेल्या गाडीवरचे ओरखडे दिसत नाहीत, तेव्हा हात फिरवून बघा.

काउंटरवर लागणारं सगळं एका पारदर्शक पिशवीत ठेवा:

- पासपोर्ट
- मूळ लायसन आणि आयडीपी
- मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड
- बुकिंगची छापील प्रत
- राहण्याचा पत्ता
- एक्सेसचा वेगळा विमा घेतला असेल तर त्याचा कागद

५. विमानातून उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका

उन्हाळ्यात आपली वेळ त्यांच्या साडेचार तास पुढे असते. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्या डोळ्यांत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. एक रात्र झोपा, सकाळी गाडी घ्या, आणि जमलं तर शहराच्या मध्यातून न घेता विमानतळावरून किंवा कडेच्या शाखेतून घ्या. शहरात बससाठी राखीव लेन असतात, त्यांवर कॅमेरे असतात. त्याबद्दल शेवटी सांगतो.

पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी फिरवा. वेगाचा काटा मैलांत असतो. पाटीवर २० म्हणजे आपले ३२, ३० म्हणजे ४८, ६० म्हणजे ९६. गावात २० किंवा ३०, बाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. साठची परवानगी म्हणजे साठनं जायलाच पाहिजे असं नाही. डोंगरात तीस-पस्तीस मैलांवर आमची गाडी सुखात होती.

राउंडअबाउट हे प्रकरण आपल्याकडे नाही. आपल्याकडे सर्कल म्हणजे पुतळ्याला वळसा, आणि ज्याची गाडी मोठी तो आधी. तिथे एकच नियम: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग शिरायचं. एक्झिट चुकली तर अचानक कापू नका. अजून एक चक्कर मारा. आम्ही एका ठिकाणी तीन मारल्या.

६. एकेरी रस्ते: इथे कोकणी माणूस तरबेज, पण

स्कॉटलंडच्या वरच्या भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, आणि स्काय बेटावर बरेच रस्ते एका गाडीच्या रुंदीचे असतात. दोन्ही दिशांची वाहतूक त्यावरूनच. तवसाळकडे उतरणारा जुना रस्ता डोळ्यांसमोर आणा, फक्त डांबर गुळगुळीत. दर थोड्या अंतरावर कडेला एक फुगवटा असतो आणि पांढरी पाटी, 'पासिंग प्लेस'.

नियम असा. समोरून गाडी दिसली की जवळच्या पासिंग प्लेसपाशी थांबायचं. ती जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा. उजव्या हाताला असेल तर *पलीकडे जाऊ नका*, आपल्याच बाजूला तिच्या समोर रस्त्यावर थांबा, समोरचा त्या खोबणीतून वळसा घालून जाईल. नवखे इथेच चुकतात. चढण चढत येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची, हे तर आपल्या घाटातलंच. मागे कोणी स्थानिक चिकटला असेल तर त्यालाही पासिंग प्लेसमध्ये थांबून पुढे सोडा. त्याला कामावर जायचं असतं, तुम्ही फोटो काढायला आलेले असता. त्या जागेत गाडी लावून फोटो काढायला मात्र उतरू नका. लोक खरोखर चिडतात.

आता माझी चूक. स्कायवर एका चढाला समोरून एक म्हातारे गृहस्थ जुनी लँड रोव्हर घेऊन आले. मी नेहमीच्या सवयीनं डिपर मारला. आपल्याकडे त्याचा अर्थ काय? "मी येतोय, तू थांब." त्यांच्याकडे रस्त्यावर त्याचा अर्थ बरोबर उलटा लावतात, "या, तुम्ही आधी या." नियमांच्या पुस्तकात डिपर म्हणजे 'मी इथे आहे' एवढंच, पण वापर असा. तेव्हा ते निघाले आणि मीही निघालो. दोन बंपरांमध्ये हातभर अंतर राहिलं. डावीकडे दगडी गडगा. आपल्याकडे जांभ्याचा असतो तसाच, बिनचुन्याचा, फक्त काळ्या दगडाचा. त्याच्यावर बसून एक मेंढी हे सगळं बघत होती. बायको म्हणाली, "हॉर्न वाजवू नका हं." मी हात जोडले. आजोबांनी एकदा मागे पाहिलं आणि सरळ साठ-सत्तर मीटर रिव्हर्स गेले, आरशात बघत, एकदाही न थांबता. जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. तिथे आभार मानायची हीच पद्धत. त्यानंतर मी उरलेले सगळे दिवस दिसेल त्याला बोट उचलत होतो.

सारांश, डिपरवरचा हात काढा. हॉर्नवरचाही. आंधळ्या वळणावर हॉर्न देणं आपल्याकडे शहाणपणाचं, तिथे लोक क्वचितच देतात. वळणावर वेग कमी करा, एवढंच. दर दुसऱ्या वळणावर हॉर्न दिलात तर लोकांना वाटतं तुम्ही त्यांना शिवी दिलीत.

मेंढ्या रस्त्यावर झोपतात, उन्हानं तापलेल्या डांबरावर. त्यांचं आपल्या गुरांसारखंच आहे, आई एका बाजूला आणि पिल्लू दुसऱ्या बाजूला असेल तर पिल्लू हमखास धावणार. संध्याकाळी हरणं उतरतात, आणि ती म्हशीच्या पारड्याएवढी असतात.

७. दारू, फोन, पट्टा

मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. मुलं बारा वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंचीची होईपर्यंत त्यांना वेगळी सीट. फोन हातात धरलेला दिसला तर २०० पौंड दंड, म्हणून स्टँड घरूनच न्या. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. व्हिस्कीच्या कारखान्यात चव घ्यायची असेल तर ज्याला चालवायचं आहे त्याच्यासाठी छोटी बाटली बांधून देतात. माझी रत्नागिरीपर्यंत आली.

८. रस्ता कुठला घ्यायचा

'नॉर्थ कोस्ट ५००' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इनव्हर्नेसहून सुरू होऊन उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा सुमारे ५१६ मैलांचा रस्ता. पहिल्या खेपेला तो घेऊ नका. एकेरी रस्ते फार, राहायच्या जागा थोड्या. आम्ही घेतलेला सोपा फेरा असा:

ग्लासगोहून ए८२ रस्त्यानं लॉख लोमंड तळ्याच्या काठानं ग्लेन्को दरी, मुक्काम फोर्ट विल्यम. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पण अख्खा दिवस द्या. ग्लेन्कोला गाडीतून उतरल्यावर आपला सडा आठवतो. झाड नाही, नुसता वारा आणि पिवळं गवत. फोर्ट विल्यमवर उभा असलेला बेन नेव्हिस हा ब्रिटनचा सर्वांत उंच डोंगर १३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं ठेंगणा. हे मी तिथे दोघांना सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

तिथून ग्लेनफिनन. १९०१ साली सुरू झालेल्या रेल्वेचा एकवीस कमानींचा पूल, वाफेचं इंजिन येताना बघायला शेकडो लोक उभे असतात. गाडीची वेळ पाहून तासभर आधी पोचा, नाहीतर पार्किंग मिळत नाही. उंची सुमारे ३० मीटर. आपला पानवलचा पूल ६४ मीटर आहे, आणि तिथे बघायला कोणी नसतं.

मग मालेगहून फेरीबोटीत गाडी घालून स्कायच्या आर्मडेल धक्क्यावर. दाभोळ-धोपावे करणाऱ्याला यात नवं काही नाही, फरक एवढाच की तिथे आधी बुकिंग लागतं, निदान अर्धा तास आधी रांगेत हजर राहावं लागतं, आणि गाडी लावून सगळ्यांनी वर जायचं असतं. वारा फार असेल तर फेरी रद्द होते. तेव्हा जमिनीवरून कायल ऑफ लोखॅल्शला जाऊन स्कायचा पूल वापरायचा. पूल १९९५ चा, टोल २००४ मध्येच बंद झाला.

स्कायला किमान तीन रात्री द्या. स्टॉर आणि क्विरँगचे कडे पाहून मला राहून राहून घाटमाथा आठवत होता, आणि ते उगाच नव्हतं. दोन्हीकडे लाव्हाचाच खडक, बसाल्ट. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा सहाएक कोटी. तशाच आडव्या पायऱ्या.

परत येताना पुलावरून एलियन डोनान किल्ला, लॉख नेस, इनव्हर्नेस, आणि ए९ रस्त्यानं ग्लासगो. ए९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून फायदा नाही, ते दोन खांबांमधला वेळ मोजतात.

हात बसला असेल आणि हवा स्वच्छ असेल तरच अॅपलक्रॉसचा घाट करा. 'बेलाख ना बा', समुद्रापासून थेट ६२६ मीटर, पाचास एक चढ, हेअरपिन वळणं, आणि पायथ्यालाच पाटी की नवशिक्यांनी आणि मोठ्या गाड्यांनी जाऊ नये. उंची जवळपास आपल्या आंबोलीएवढी, पण रस्ता एकेरी. धुकं असेल तर मागे फिरा. आम्ही पहिल्या दिवशी फिरलो, दुसऱ्या दिवशी गेलो.

दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर धरू नका. नकाशा जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट लागतो.

९. पेट्रोल, खाणं, रेंज

पंपावर माणूस नसतो, स्वतः भरायचं. आता नीट वाचा: पेट्रोलची नळी *हिरवी*, डिझेलची *काळी*. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचूनच हात लावा. चुकीचं भरलंत तर इंजिन चालू करू नका, कंपनीला फोन करा. हा खर्च विम्यात येत नाही. डोंगरात टाकी अर्धी झाली की भरायची. पुढचा पंप किती लांब असेल सांगता येत नाही.

मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि खव्याचे मोदक घरी ठेवा. मेतकूट, कुळथाचं पीठ, पोहे चालतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. खेड्यातली हॉटेलं रात्री आठ-साडेआठला स्वयंपाक बंद करतात. बाहेर लख्ख उजेड असतो, त्यामुळे जेवायचं भान राहत नाही आणि मग रात्री बिस्किटं. मोबाईलला दऱ्यांमध्ये रेंज नसते, नकाशे आधी उतरवून ठेवा. अडचण आली तर ९९९ किंवा ११२.

१०. गाडी परत करताना

टाकी भरून द्या, पंपाची पावती ठेवा, परत एकदा व्हिडिओ काढा, आणि माणसासमोर तपासणी करून घ्या. अनामत सुटायला काही दिवस लागतात. पण तेवढ्यावर कार्डाचं स्टेटमेंट बघणं सोडू नका.

मृग लागून गेला होता, लाईट गेलेली, मी पडवीत बसलो होतो, आणि बँकेचा मेसेज आला. गाडीच्या कंपनीनं पौंडात रक्कम कापली होती. शेवटच्या दिवशी गाडी परत करायला जाताना ग्लासगोत मी चाळीसएक मीटर बसच्या लेनमधून गेलो होतो. ही रक्कम दंडाची नव्हती. माझं नाव-पत्ता तिथल्या कार्यालयाला कळवण्याची कंपनीची फी होती. दंडाचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी पोस्टमननं आणून दिलं, छत्रीत धरून, अर्धं भिजलेलं. दंड ऑनलाइन भरता येतो आणि लवकर भरला तर निम्मा होतो.